मोड आलेल्या मटकीची ऊब

(दृश्य: ओट्यावर बांधून ठेवलेली पुरचुंडी. हात गाठ सोडतो.)

रात्रभर भिजवून, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवलेली ही मटकी आहे. फडके बाहेरून गार लागते, परंतु बोटे आत रोवली की मधले दाणे कोमट असल्याचे जाणवते. शेगडी पेटलेली नाही आणि ओट्यावर ऊनही आलेले नाही. ही ऊब दाण्यांच्या आत तयार झालेली आहे.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन थर्मास, बुचांतून वर आलेले तापमापक.)

डावीकडच्या थर्मासमध्ये मोड येऊ लागलेली मटकी आहे, तर उजवीकडच्या थर्मासमध्ये उकळून, गार करून, जंतुनाशकाने धुतलेली मटकी आहे. हे धुणे विसरले तर मेलेल्या दाण्यांवर बुरशी वाढते आणि ती स्वतःच उष्णता निर्माण करून प्रयोग फसवते. दुसऱ्या दिवशी डावीकडचा पारा वर चढलेला दिसतो, उजवीकडचा होता तिथेच राहिलेला असतो. जिवंत दाण्यांच्या बरणीतली हवा चुन्याच्या निवळीतून सोडली की निवळी दुधाळ होते, म्हणजे दाणे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत आहेत. ज्याला अजून हिरवे पानही फुटलेले नाही, तो दाणा आपल्या शिदोरीतला स्टार्च मोडून त्याची साखर करतो आणि ती साखर आपल्यासारखीच 'जाळतो'.

(दृश्य: लोखंडी पळीत साखर. ज्योत. साखर वितळते, काळवंडते, पेट घेते.)

जाळणे हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पळीतली साखर पेटते तेव्हा तिच्यातली सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन निघून जाते आणि त्या उष्णतेतून पेशीला ना प्रथिन बांधता येते, ना स्नायू हलवता येतो. म्हणून पेशी तीच साखर पायरीपायरीने उतरवते. पहिल्या दहा पायऱ्या पेशीद्रव्यात, ऑक्सिजनशिवाय पार पडतात. सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजचे त्यात दोन तुकडे होतात आणि हाती लागतात एटीपीचे, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, केवळ दोन रेणू. पुढचा व्यवहार तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणात, चालतो. तिथे हान्स क्रेब्झ यांनी १९३७ साली उलगडलेल्या चक्रात उरलेले कार्बन अणू कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि साखरेतले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या स्वाधीन केले जातात. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनची अजूनपर्यंत कुठेही गाठ पडलेली नाही, हे येथे लक्षात ठेवावे. तो थेट साखरेला भिडत नाही, तर इलेक्ट्रॉनांच्या वाटेच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा असतो. या वाटेवरच्या एका वाहकापाशी आपल्याला थांबायचे आहे.

(दृश्य: वर्णपटदर्शकातून दिसणारे रंगांचे पट्टे. त्यांवर उभ्या काळ्या रेघा.)

केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली पाहिले ते साधारण असे होते. यीस्टचे दाट मिश्रण नळीत घेऊन त्यातून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, की रंगांच्या पट्ट्यावर ठरावीक जागी गडद रेघा उमटतात. नळी हवेसह हलवली की रेघा नाहीशा होतात आणि ती स्थिर ठेवली की काही वेळाने परत येतात. मिश्रणातला ऑक्सिजन यीस्टने संपवला, की रेघा पुन्हा दिसू लागतात. पेशीतला कोणता तरी रंगीत पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो आणि हवा मिळताच ते देऊन टाकतो, ही देवघेव केलिन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत होते. या पदार्थांना त्यांनी सायटोक्रोम, म्हणजे पेशीतले रंग, असे नाव दिले. त्यांपैकी सायटोक्रोम सी हे लहानसे प्रथिन असून माणसात ते १०४ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. चिंपांझीमध्ये ही साखळी जशीच्या तशी आढळते. तिच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो आणि तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलून पुढच्या प्रथिनाकडे पोहोचवतो.

(दृश्य: मुंबई, काळा घोडा परिसर. विज्ञान संस्थेची पिवळसर दगडाची इमारत, जिना, प्रयोगशाळेचा दरवाजा.)

हेच सायटोक्रोम सी वनस्पतींतही असल्याचे ज्यांनी दाखवले आणि या संस्थेच्या संचालकपदी पुढे ज्या बसल्या, त्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. इंदूरमध्ये जन्मलेल्या, माहेरच्या कमला भागवत, साहित्यिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्याच संस्थेत प्रवेश मागणे कमलाबाईंना साहजिक वाटले असणार. संस्थेचे तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मात्र त्या स्त्री आहेत या कारणास्तव नकार दिला. कमलाबाई तिथून हलल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल आणि कमलाबाईंच्या वावराने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि स्त्रियांसाठी संस्थेचे दार उघडले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे त्यांनी अभ्यासली ती दुधातील, डाळींतील आणि कडधान्यांतील प्रथिने. आपल्या ओट्यावरची मटकी याच गोतावळ्यातली.

(दृश्य: टेबलावर बटाटा. सुरी. पांढरी, ओलसर चीर.)

केंब्रिजला गेल्यावर कमलाबाईंच्या हाती आला तो बटाटा. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. प्रकाशसंश्लेषण शिकताना जिचे नाव येते ती 'हिल अभिक्रिया' याच हिल यांची. बटाट्यात हे प्रथिन सापडण्याचे महत्त्व समजून घ्यायला हवे. मधमाशीच्या पंखांचे स्नायू किंवा भराभर वाढणारे यीस्ट यांना ऊर्जेची निकड असते, हे कोणालाही पटेल. जमिनीखाली निपचित पडलेला बटाटादेखील तीच यंत्रणा बाळगून आहे, म्हणजेच प्राणी आणि वनस्पती यांच्या ऊर्जेची वाट एकच आहे, हे मात्र प्रयोगाने सिद्ध करावे लागते. चौदा महिन्यांचे काम आणि अवघ्या ४० पानांचा प्रबंध यांवर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. क्रेब्झ यांचे नाव चक्रालाच मिळाल्यामुळे ते शाळेतल्या मुलांना पाठ असते. बटाटा हाती घेऊन कमलाबाईंचे नाव सांगणारे शिक्षक मात्र फारसे भेटत नाहीत.

(दृश्य: संगणकीय चित्रण. तंतुकणिकेचे आतले आवरण, त्यात रोवलेले फिरते यंत्र.)

इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत असताना सुटणाऱ्या ऊर्जेवर तंतुकणिका आपल्या आतल्या आवरणापलीकडे हायड्रोजनचे आयन ढकलत राहते. शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. आवरणापलीकडे दाटलेले आयन ज्या एका वाटेने परत आत शिरतात, ती वाट म्हणजे पडद्यावर दिसणारे हे यंत्र. आयन शिरले की त्याचा मधला दांडा फिरतो. हा प्रकार जात्याच्या उलट आहे, कारण जात्यात खीळ स्थिर असते आणि वरचा दगड फिरतो, तर येथे खीळ फिरते आणि सभोवतीची प्रथिने जागच्या जागी राहतात. त्या प्रथिनांना तीन कप्पे आहेत. वाकडा दांडा प्रत्येक कप्प्याला आळीपाळीने दाबतो. एक कप्पा कच्चा माल घेतो, दुसरा तो आवळून एटीपी घडवतो आणि तिसरा तयार एटीपी सोडून देतो. एका फेऱ्यात तीन रेणू तयार होतात. १९९७ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी या दांड्याला चकाकणारा तंतू चिकटवून तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केला, तोवर हे फिरणे आडाख्याने मांडलेले होते.

एका ग्लुकोजमागे एटीपीचे साधारण ३० ते ३२ रेणू मिळतात, असे आता मानले जाते. जुन्या पुस्तकांतला ३८ हा आकडा आयनांची गळती आणि वाहतुकीचा खर्च न धरता काढलेला होता. शरीरात एका वेळी एटीपी थोडेच असते, परंतु ते पुन्हा पुन्हा घडवले जात असल्यामुळे दिवसभराची बेरीज साधारण आपल्या वजनाइतकी होते. एटीपीत न साठलेली ऊर्जा उष्णता होते, आणि पुरचुंडीत बोटांना लागली ती हीच.

सायनाइड इलेक्ट्रॉनांच्या या वाटेची शेवटची कडी अडवून माणसाला मारते, आणि तंतुकणिकेबाहेर गळलेले सायटोक्रोम सी पेशीला स्वतःचा अंत घडवायला लावते. 

(दृश्य: कांद्या-बटाट्यांची टोपली. एका बटाट्याला कोंब. मग विळी, काचऱ्या, तापत असलेली कढई.)

टोपलीतल्या बटाट्याला अंधारात कोंब फुटत आहेत. चिरल्यानंतर काही तासांत त्याच्या कापांचे श्वसन अखंड बटाट्याच्या कित्येक पटींनी वाढते. फोडणी तडतडेपर्यंत या काचऱ्यांमधल्या पेशी जखम भरून काढण्याच्या कामाला लागलेल्या असतात.