डीपझोन नावाचा इंजिनिअर

विंडोज एक्सपीसोबत मीडिया प्लेयरची ओळख करून देणारी एक छोटी टूर यायची. तिच्या फोल्डरमधली ही एक वेव्ह फाइल, म्हणजे आवाजाची फाइल. ती वाजवायची नाही, नोटपॅडमध्ये उघडायची. पडद्यावर अगम्य चिन्हांचा नुसता खच दिसतो; तोच तो आवाज. आता पार तळाशी जाऊ. इथे वाचता येतील अशा तीन गोष्टी आहेत. 2000-04-06 ही तारीख. साउंड फोर्ज 4.5 हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर. आणि आय-ई-एन-जी या कप्प्यात, जिथे काम करणाऱ्या साउंड इंजिनिअरचं नाव लिहायचं असतं, तिथे लिहिलंय डीपझोन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओ'च्या जागी शून्य.

डीपझोन हा रेडियम गटातला क्रॅकर, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणारा. त्यामुळे ही फाइल साउंड फोर्जच्या चोरीच्या प्रतीत बनली असावी, असा संशय येतो. संगीताच्या सॉफ्टवेअरची कुलपं फोडण्यात तेव्हा रेडियमचा दबदबा होता. अशा गटांना पैशापेक्षा नावाची भूक. नवं सॉफ्टवेअर आलं, की ते आधी कोण फोडतो याची चुरस लागायची. कीजेन, म्हणजे या गटांचा खोटे सीरियल नंबर बनवणारा छोटा प्रोग्राम, उघडला की नंबर मिळायचा आणि मागे चिपट्यून, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमसारखी धून, वाजत राहायची. त्या धून रचणारे हातही कसबी होते, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

पण कसब पलीकडेही होतं. साउंड फोर्ज घडवलं अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या सॉनिक फाउंड्री या कंपनीनं. मॉन्टी श्मिट यांनी 1991 मध्ये ती सुरू केली. तयार गाण्याच्या आधीची-नंतरची शांतता कापणं, फेड देणं (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं), पातळी बसवणं, सीडीसाठी 16 बिटवर आणताना डिदर (अगदी हलका गोंगाट) टाकणं, मास्टरिंगची, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या हाताची, ही सगळी बारीक कामं या एका खिडकीत व्हायची. असं साधन फुकट पळवणं म्हणजे ते घडवणाऱ्याची मजुरी बुडवणं. आम्ही याला दुसरं नाव देणार नाही.

यात भरडला गेला तो पैसे मोजणारा ग्राहक. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्यूबेस या संगीत सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायची किल्ली, लागायचा. डोंगल हरवला की काम ठप्प. 2006 मध्ये एचटूओ या गटानं क्यूबेस एसएक्स 3 चं ते संरक्षणही भेदलं. फुकट वापरणाऱ्याला डोंगलची गरज उरली नाही. विकत घेणारा मात्र तो जपत बसला.

आणि ही वेव्ह फाइल? ती ज्या एक्सपीमधून आली, त्याच एक्सपीत मायक्रोसॉफ्टनं 2001 मध्ये नक्कल रोखण्यासाठी ॲक्टिव्हेशन सक्तीचं केलं होतं. डीपझोनची नोंद जर्मनीच्या 'पीसी वेल्ट' मासिकानं नोव्हेंबर 2004 मध्ये उजेडात आणली. तोवर सॉनिक फाउंड्रीच्या हातात साउंड फोर्ज उरलंही नव्हतं; 2003 मध्येच ते सोनीकडे गेलं होतं. आम्हाला सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच. हे आवाज कुणीतरी कान लावून घडवले. त्या माणसाचं नाव या फाइलमध्ये कुठेच नाही.