कुठून मोजलं?

तुमच्यापैकी कोणी जमीन घेणार आहे, कोणी घर बांधायला काढलंय, काही जण स्वतः बांधकाम करणारे आहेत. मोजणी झाल्यावर बहुतेक जण सर्व्हेअरला पहिला प्रश्न विचारतात, ‘किती भरली?’ माझी विनंती अशी की त्याच्याही आधी विचारा, ‘कुठून मोजलं?’

२००३ सालची गोष्ट सांगतो. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधून वाहणाऱ्या ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला पूल बांधला जात होता. दोन्ही देश उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, पण जर्मनीचा शून्य उत्तर समुद्रावरून आलेला आणि स्वित्झर्लंडचा भूमध्य समुद्रावरून. या दोन शून्यांत २७ सेंटीमीटरचा फरक आहे. अभियंत्यांना तो माहीत होता, हिशेबात धरलेलाही होता. फक्त दुरुस्ती करताना अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं. त्यामुळे फरक मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला, ५४ सेंटीमीटर, आणि एका काठाकडचं काम बदलून घ्यावं लागलं. यात एकही यंत्र चुकलेलं नव्हतं.

हेच लहान बांधकामावर घडतं, फक्त त्याची बातमी होत नाही. आर्किटेक्टने जोत्याची पातळी रस्त्याच्या मध्यापासून धरलेली असते आणि ड्रेनेजवाला चेंबरच्या झाकणापासून मोजतो. समजा, वीस मीटर लांबीच्या पाइपला शंभरास एक असा उतार हवा आहे. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस सेंटीमीटर उतरायला हवं. दोघांच्या शून्यांत पंधरा सेंटीमीटरचा फरक निघाला, तर उताराला उरतात पाच. ते कळतं तेव्हा वर फरशी बसलेली असते. म्हणून नकाशावर पातळ्यांचे आकडे असतील, तर त्यांचा बेंचमार्क (पातळ्या जिथून मोजल्या ती पक्की खूण) कोणता आणि तो जागेवर कुठे आहे, हे त्याच नकाशावर लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर ते काम अपुरं आहे, असं मी स्पष्ट सांगतो.

आता चुकांविषयी. मोजमापात चूक राहतेच. चांगला सर्व्हेअर ती ओळखतो आणि आवरतो. पोलादी टेप उन्हात वाढते. तीस मीटरची टेप ज्या तापमानाला प्रमाणित केली, त्याहून वीस अंशांनी तापली तर सुमारे सात मिलिमीटरने लांब होते. तीनशे मीटरच्या हद्दीवर हेच सात सेंटीमीटर होतात, कारण ही चूक दर वेळी एकाच बाजूला पडते, साठत जाते. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आपली आधाररेषा मोजली, तेव्हा साखळी उघड्या जमिनीवर टाकली नव्हती. ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर सावली धरून, थर्मामीटरवर तापमान बघत मोजली होती. पुढची सगळी त्रिकोणांची जाळी त्या एका रेषेच्या आधारावर उभी राहणार होती, हे त्यांना माहीत होतं.

लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावतानाची एक साधी सवय मला फार आवडते. यंत्र दोन स्टाफच्या (उभ्या धरलेल्या मोजपट्ट्यांच्या) बरोबर मध्ये ठेवायचं. यंत्राची दृष्टिरेषा थोडी वर किंवा खाली कललेली असली, तरी अंतरं सारखी असल्यामुळे दोन्ही वाचनांत सारखीच चूक येते आणि वजाबाकीत उडून जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी चूकही तशीच उडते. मोठ्या अंतरावर ती किरकोळ नसते. एक किलोमीटरला जवळजवळ आठ सेंटीमीटर भरते. यंत्र बिघडलेलं असतानाही काम बरोबर निघतं, ते केवळ कुठे उभं राहायचं हे ठाऊक असल्यामुळे!

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र) घेऊन हद्दीभोवती फिरलो की शेवटी पहिल्या बिंदूवर परत यायचं. पाच कोपऱ्यांच्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंशच यायला हवी, आणि अंतरंही जुळायला हवीत. जेवढं जुळत नाही, ती क्लोजिंग एरर. ती विचारा, आकड्यात सांगता आली पाहिजे. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. अंतर मोजण्यातच शंभराला एक अशी चूक असेल, तर सगळ्या बाजू त्याच प्रमाणात बिघडतात, आकृती तरीही सुरेख बंद होते. ही चूक पकडायची तर आधीच माहीत असलेल्या दुसऱ्या एखाद्या बिंदूवर जाऊन ताळा घ्यावा लागतो.

मोबाइलवरच्या जीपीएसबद्दल थोडक्यात. त्यात काही मीटर इकडेतिकडे होतं, त्यावर हद्द ठरवू नका. सर्व्हेअरचा आरटीके रिसीव्हर (ठाऊक असलेल्या बिंदूवरून दुरुस्ती घेणारा उपग्रह-रिसीव्हर) मोकळ्या आकाशाखाली एक-दोन सेंटीमीटरपर्यंत जातो. उंच भिंतीजवळ किंवा दाट झाडीत मात्र सिग्नल परावर्तित होऊन तोही फसतो. शिवाय उपग्रह देतात ती उंची एका गणिती लंबगोलापासूनची असते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी तिचा फरक जगात काही ठिकाणी शंभर मीटरांहून जास्त आहे. आता लाउफेनबुर्गचे २७ सेंटीमीटर आठवा.

हद्दीच्या बाबतीत ‘कुठून’ या प्रश्नाला आणखी धार येते. सर्व्हेअर मालकी ठरवत नाही, तो पुरावा शोधतो. अमेरिकेतल्या न्यायालयांनी पुराव्यांचा एक क्रम रुळवला आहे. साधारणपणे नदी किंवा खडक अशा नैसर्गिक खुणा आधी, मग पुरलेले दगड आणि खांब, मग दिशा आणि अंतरं, आणि क्षेत्रफळ सगळ्यांत शेवटी. तुम्ही ज्याचा आग्रह धरता ते क्षेत्रफळ सर्वांत तळाला! मला हा क्रम योग्य वाटतो. दोन पिढ्यांपूर्वी दोघांनी समोरासमोर पुरलेल्या दगडात त्यांची संमती आहे. कागदावरच्या आकड्यात लिहिणाऱ्याची चूकही असू शकते. म्हणून जुना दगड सापडला की तो सरळ करायला जाऊ नका, उपटू तर मुळीच नका. आधी मोजून घ्या.

शेवटी लाइनआउटचं, म्हणजे नकाशा जमिनीवर आखून देण्याचं. कॉलमचे मध्य आखून देणं हे अर्धंच काम असतं. खोदाई सुरू झाली की त्या खुंट्या जातात. म्हणून खुणा खड्ड्याच्या बाहेर, यंत्रांच्या वाटेपासून दूर काढून घ्याव्या लागतात, आणि बेंचमार्क निदान तीन ठेवावे लागतात. एकच असला आणि त्याला धक्का लागला, तर कोणालाच कळत नाही. दोन असले तर काहीतरी हललंय एवढं कळतं, पण कोणता हलला ते कळत नाही. तीन असले की ज्या दोघांचं आपसात जुळतं ते धरायचे, आणि तिसऱ्यावर त्याच दिवशी फुली मारून पुन्हा मोजायचं.