कंबर, गॅप आणि पायाळू मावशी
(उदगीरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलंय. ते खरं आहे, पण मी संतसाहित्याचा डॉक्टर. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर कुणी शर्ट वर करून मला पाठ दाखवू नये. (हशा) विषय दिलाय 'तरुणांची कंबरदुखी : कारणे आणि उपाय'. कारणं आणि उपाय सांगतोच, पण त्याआधी एका शब्दावर थोडं बोलू द्या. मराठीचा मास्तर आहे, दुसरं काही येत नाही. तो शब्द म्हणजे 'गॅप'.

इथं किती जणांच्या मणक्यात गॅप आहे? हात वर करा. बघा, पुढची ओळ जवळजवळ पूर्ण. आता गंमत अशी की दोन मणक्यांच्या मधे जागा असायलाच पाहिजे. तिथं गादी असते, तिलाच डिस्क म्हणतात. वय वाढतं तशी ती सुकते, दबते, म्हणजे जागा कमी होते. गॅप कमी होतो आणि आपण सांगत फिरतो, "गॅप आलाय". 'गादी सरकली' हेही तसंच. ती काही बाजेवरची वाकळ नाही सरकायला. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. फार तर तिची कड फुगते, कधी चिरते आणि आतला मऊ भाग बाहेर येतो. तो बाहेर आलेला भागही बऱ्याचदा काही महिन्यांत शरीर आपोआप जिरवून टाकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

एप्रिल २०१६. लातूरकरांना महिना सांगितला की पुरे. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते दिवस. मी तेवीस वर्षांचा, चौघांत एक रूम, तिसरा मजला. पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे वीस किलो, आणि त्या दिवशी पाळी माझी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि कमरेत अशी चमक निघाली की मी पायरीवरच बसलो. जार मात्र सोडला नाही. त्या उन्हाळ्यात लातुरात कंबर सांडली असती तरी चाललं असतं, पाणी सांडून चाललं नसतं.

गावी गेलो. गाव अहमदपूर तालुक्यातलं. माय म्हणाली, "काय झालंय रं?" म्हटलं, "कंबर दुखायलीय." "ह्या वयात? मग आम्ही काय करावं?" मंडळी, तरुण माणसाच्या कंबरदुखीचं अर्धं दुखणं या वाक्यात आहे. म्हाताऱ्याची कंबर दुखली तर लोक तेल आणतात. पोराची दुखली तर कामचुकार म्हणतात, नाहीतर मोबाइलवर ढकलतात. माझ्याकडं तेव्हा साधा फोन होता, तोही तडकलेला.

चुलत्यांनी बिब्बा घालायचं ठरवलं. सुईच्या टोकाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं की कमरेवर फुल्या. तीन फुल्या झाल्या, चौथीला मी ओरडलो. आठ दिवस फोड. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, बाकी काही होत नाही. कमरेपेक्षा फोडांचं दुखणं मोठं झालं, म्हणून चुलते म्हणाले, "बघ, कंबर राहिली." डाग अजून आहेत. दाखवणार नाही, मघाशीच सांगितलंय.

मग सगळ्यांचं मत पडलं की ही उसण आहे, पायाळूचा पाय लागला पाहिजे. नव्या मंडळींसाठी सांगतो, पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. आमच्या गल्लीत एक पायाळू मावशी होती. सत्तरीची, वजन जेमतेम चाळीस किलो, तोंडात तंबाखूची मिश्री. शनिवारी सकाळी मला तिच्या उंबऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मावशीनं एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हातानं लुगडं सावरलं, आणि डावा पाय माझ्या कमरेला तीनदा लावला. तिसऱ्यांदा तिचाच तोल गेला आणि तिला धरायला मी झटकन वळलो. कित्येक दिवसांत मी तसा वळलो नव्हतो! गल्लीनं हा चमत्कार म्हणून नोंदवला. मावशीनं पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "झालं. जा, कामाला लाग."

पायाचा गुण मी मानत नाही. पण "जा, कामाला लाग" हा त्या वर्षात मला मिळालेला सगळ्यात चांगला वैद्यकीय सल्ला होता, आणि तो मी ऐकला नाही.

कारण पुढच्या महिन्यात एका मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडं धरली, माझ्याकडं बघितलंच नाही. "गॅप आहे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बेल्ट लावा, झोपून राहा." मी दोन महिने बाजेवर. काथ्याचा प्रत्येक पीळ मला ओळखायला लागला. उठलो ते पाय काडीसारखे करून. चप्पल घालायला भावाला हाक मारायचो. पुढं एक स्थळ आलं, मुलगी लातूरची, सगळं जमत आलं आणि त्यांच्याकडच्या कुणाला तरी कळलं की मुलाच्या मणक्यात गॅप आहे. निरोप आला, "पत्रिकेत जरा गॅप आहे." (हशा) हसा. मी तेव्हा हसलो नव्हतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. मघाशी सत्कार जरा आटोपता घेतला असता तर... असो. उपाय पळत पळत सांगतो.

पहिलं, फिल्मला घाबरू नका. २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या. विशीतल्या निरोगी लोकांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. म्हणजे फिल्ममध्ये जे दिसतं तेच दुखत असेल असं नाही. दुसरं, साधी लचक बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांपुढं गेली की तिला जुनाट म्हणतात, आणि तोवर बऱ्याचदा मज्जासंस्थाच जास्त हळवी झालेली असते. शेतात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पाहुण्यावरही भुंकतं, तसं. कुत्र्याला बांधून ठेवून ते शांत होत नाही. रोज थोडं थोडं माणसांत न्यावं लागतं. मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी पाच लिटरचा तेलाचा डबा उचलायला लावला. माझे हात थरथरत होते, कंबर नव्हे, हात. डबा उचलला, काही तुटलं नाही. सहा महिन्यांनी वीस लिटरचा जार.

बेल्टचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे आणि वजनं लावून ताण देणं यांची शिफारस नाही, व्यायामाची आहे. आणि चालणं! ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये छापून आला. ज्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. लातुरात बारा-बारा तास अभ्यासाला बसणाऱ्या पोरांनी हे ऐकावं. 'बरोबर बसायचं कसं' हे विचारू नका, दर अर्ध्या तासाला उठा. ऊसतोडीवरच्या पोरांना मात्र मी 'चाला' म्हणणार नाही, ती दिवसभर मोळ्या घेऊन चालतातच. त्यांना विश्रांती आणि मजुरी दोन्ही पाहिजे, आणि ते माझ्या व्याख्यानानं मिळत नाही.

आता हे शेवटचं, पण कान देऊन ऐका, कारण सगळीच कंबरदुखी साधी नसते. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, पहाटे झोपमोड करणारी, सकाळी अर्धा तासाहून जास्त अंग आखडलेलं, हालचाल केली की बरं आणि पडून राहिलं की वाईट, असं असेल तर तो सांध्यांचा दाहाचा आजार असू शकतो, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारखा. संधिवाताच्या डॉक्टरांकडं जा, त्यावर औषधं आहेत. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि पाठदुखी, तर मणक्याचा क्षय तपासा. आणि जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं 'चहा' लिहिलंय. २०२२ ला इथंच साहित्य संमेलन झालं, तेव्हा एक अख्खं भाषण मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकलं आणि उठताना लक्षात आलं की कंबर आठवलीसुद्धा नाही. आज तुमची आठवली असेल, त्याबद्दल माफी. मागं खांबाला टेकून उभे असलेले बप्पा, तुम्ही पिशवीतून फाइल काढायलात ते मला इथून दिसतंय. ती पिशवीतच राहू द्या, चहा घ्यायला चालत या.