धामण, बांबू आणि ठाण्याची हवा

कळव्यात खाडीपासून जवळच एक जुनी बिल्डिंग आहे, तिथे तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत काका धनुष्यं बनवतात. मॅचमध्ये दिसतात ती कार्बनची, पुढे लांब दांड्या लावलेली नाही, साधी लाकडाची. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूमला होते, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं, आणि आता त्या खोलीत बसायला एक स्टूल सोडून जागा नाही.

आत शिरलं की नजर आधी भिंतीवरच्या हत्यारांकडे जाते, रंधे, पटाशा, कानशी सगळं ओळीने लावलेलं. पण तुम्ही आधी कोपऱ्यात बघा. प्लायवूडचं उभं खोकं आहे ना, वर-खाली भोकं पाडलेलं, आत जुना पिवळा बल्ब पेटलाय, ठाण्यात धनुष्य करायचं तर सुरुवात त्या खोक्यापासून होते.

कारण काय तर आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 85-90 टक्के असते, अशा हवेत पडून राहिलेलं लाकूड स्वतःच्या वजनाच्या 17 ते 20 टक्के पाणी धरून ठेवतं, आणि धनुष्याला हवं असतं साधारण 8 ते 10 टक्के. ओलं लाकूड वाकतं छान, त्रास तो नाहीये, त्रास हा की दोरी काढल्यावर ते पूर्ण सरळ होत नाही, बाक तसाच राहतो, आणि जेवढा बाक राहिला तेवढा बाणाचा जोर गेला. बरं, म्हणून खूप सुकवलं तर तेही चालत नाही, अती कोरडं लाकूड ओढताना कडकन तुटतं.

मग सुकलं हे कळणार कसं? काका किचनचा वजनकाटा वापरतात. पट्टी काट्यावर आडवी ठेवायची, आकडा पेन्सिलने त्या लाकडावरच लिहायचा, तारीख टाकायची, परत खोक्यात. ही पट्टी बघा, वरून खाली आकड्यांची रांग आहे, 912, 897, 889, 885, 884, आणि मग परत 884. वजन उतरायचं थांबलं म्हणजे जेवढं पाणी जायचं होतं तेवढं गेलं. इतकं साधं आहे हे, आणि मला तर ही पेन्सिलची रांग तयार धनुष्याइतकीच आवडली.

आता लाकूड कुठलं. सागवान सगळ्यांना आधी सुचतं, पण सागवान फर्निचरचं, खिडक्या-दारांचं, एवढ्या लवचिकतेच्या कामाचं नाही. काका धामण वापरतात, कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात ती धामण, चिवट आणि लवचिक. वखारीत जायचं, फळ्या उपसायच्या आणि रेषा बघायच्या. लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे, मध्येच कडेला बाहेर पडली की धनुष्य तिथेच फुटणार. वखारवाला आधी वैतागायचा, आता चांगली सरळ फळी आली की स्वतःच फोन करतो.

आणि धामणीच्या पाठीला बांबू. धनुष्य ओढलं की जी बाजू टार्गेटकडे असते, म्हणजे पाठ, ती ताणली जाते, आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, ती दाबली जाते. बांबूचं सगळं बळ बाहेरच्या अंगाला असतं, धागे तिथे दाट, आत जाल तसे विरळ. म्हणून बांबूची बाहेरची बाजू तशीच ठेवायची, तिला रंधा लावायचा नाही, गाठीसुद्धा पूर्ण सपाट करायच्या नाहीत, फक्त आतली बाजू घासून पट्टी पातळ करायची. बांबू जाड ठेवला तर तोच भारी पडतो आणि पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात, म्हणजे आतलं लाकूड चिरडायला लागलं.

युरोपात यू नावाचं झाड आहे, त्याच्या एकाच ओंडक्यात हे दोन्ही मिळतं, बाहेरचं पांढरं लाकूड ताण घेतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सहन करतं. इंग्लंडचं मेरी रोज नावाचं जहाज 1545 साली बुडालं, 1982 साली वर काढलं, त्यात यूची शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. यू काही आपल्याकडच्या वखारीत मिळत नाही, तर काका तेच काम धामण, बांबू आणि इपॉक्सी गोंदावर करतात. अर्थात नुसत्या बांबूचं धनुष्य आपल्याकडे फार जुनं आहे. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची असते, आणि कातकऱ्यांची नेमबाजी या भागात कोणाला सांगायला नको. काका म्हणतात, यूट्यूबवर शिकायच्या आधी आपण तिकडे जाऊन बसायला हवं होतं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

एक गोष्ट सांगून ठेवतो. बांबू विकत घ्यायचा, पावती घ्यायची. येऊर नॅशनल पार्कमध्ये येतं, तिथून काठीसुद्धा तोडून आणायची नाही. आणि बांबू तीन-चार वर्षांचा पक्का बघून घ्या, कोवळ्यात पाणी जास्त असतं, सुकताना आकसतो. मंडपवाल्यांकडे सुकलेला मिळतो खरा, पण उन्हात पडून त्याला बऱ्याचदा उभ्या चिरा गेलेल्या असतात, त्या नीट बघा.

चिकटवताना क्लॅम्प लागतातच, पण काका त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळतात, दाब सगळीकडे सारखा बसतो. मग एक दिवस हात लावायचा नाही.

आणि आता टिलरिंग. टिलरिंग म्हणजे पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढत दोन्ही लिम्ब, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे हात, सारखे वाकवायचे. भिंतीवर हा स्टँड आहे, त्यात धनुष्य आडवं अडकवलंय, दोरी खालच्या पुलीतून घेऊन समोरच्या भिंतीपर्यंत आणलीये, मध्ये हूकवाला वजनकाटा. मागे भिंतीवर पेन्सिलने चौकोन आखलेत. काका लांब उभे राहून दोरी ओढतात आणि फक्त बघतात.

शेजारची मुलगी, कॉलेजला आहे, आर्चरी शिकते, ती मदतीला येते.

"काका, डावीकडे मधे सरळच राहतंय."

"कुठे, बोट ठेव बघू."

"हे इथे, मुठीपासून वीतभर."

"बरोबर. मग तिथलंच काढायचं. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही गं."

काढायचं कशाने, तर काचेच्या तुकड्याने. आपले जुने सुतार असंच घासायचे, काचेची धार तिरकी धरली की कागदासारखी पातळ साल निघते. इतकं बारीक का, तर लाकडाचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घातावर चालतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर कडकपणा दहाच टक्के उतरतो, पण जाडी 12 ची 11 मिलिमीटर केली तर तोच कडकपणा जवळजवळ 23 टक्क्यांनी उतरतो. एक मिलिमीटर! म्हणून दोन-चार वेळा काच फिरवायची, मग धनुष्य वीस-तीस वेळा हलकं ओढायचं, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि मग परत बघायचं.

या सगळ्यात काकांचा एक नियम पक्का आहे. समजा आपल्याला दोरी 28 इंच ओढल्यावर 40 पाउंडांचा जोर हवाय, आणि 20 इंचांवरच काटा 40 दाखवायला लागला, तर तिथेच थांबायचं. पुढे एक इंचही नाही. आधी लाकूड काढायचं, मग पुढचा इंच. मुलीला घाई होते, तिला पूर्ण ओढून बघायचं असतं, काका दोरी हातात देत नाहीत.

हे काम ते दिवाळीनंतर ते मेपर्यंतच करतात. पावसाळ्यात फक्त मूठ कोरणं, दोऱ्या वळणं असलं. तयार धनुष्याला लाखेचं पॉलिश चढवतात, त्याने दमट हवा आत शिरायला वेळ लागतो, पण शिरते, म्हणून पावसाळ्यात धनुष्य दोरी काढून, आडवं, कोरड्या कपाटात. उभं टेकवून ठेवायचं नाही. दोरी डेक्रॉन धाग्याची, थोडी ताणणारी, न ताणणाऱ्या नव्या दोऱ्यांचा झटका लाकडी टोकांना सोसत नाही. आणि बाण न लावता ओढून सोडायचं तर कधीच नाही, जी ताकद बाणात जायची ती सगळी लाकडात परत येते आणि धनुष्य तुटू शकतं.

सोसायटीच्या आवारात, गच्चीवर मारायचं नाही हे वेगळं सांगायला नको. मुलगी तिच्या कोचला विचारून रेंजवर घेऊन जाते. या धनुष्याला बाण कुठला लागतो, किती लवायला हवा, कारण तो मुठीला वळसा घालून जातो, ते आम्ही पुढच्या भागात दाखवतोय, काकांनी त्यासाठी बांबूच्या काड्या खोक्यात सुकायला टाकल्यात.