संध्याकाळच्या जेवणासाठी शिजवून ठेवलेलं कडधान्य

मंडळी, घरच्या शाकाहारी जेवणाचं गाडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. संध्याकाळी भूक लागलेली असते. भाजी चिरायला दहा मिनिटं पुरतात, भातही वीस मिनिटांत होतो. कडधान्य मात्र आदल्या रात्रीच भिजत घालायला हवं होतं. मग ताटात भात आणि भाजी येते, प्रथिनं राहून जातात. म्हणून आज पाककृतींची यादी देण्याऐवजी आठवड्याचं कडधान्य एकदाच शिजवून ठेवण्याबद्दल बोलू या.

काबुली चणे घ्या, 250 ग्रॅम. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात रात्रभर, निदान आठ तास भिजवा. मीठ आत्ताच का? सालीतल्या पेशी एकत्र चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, आणि साल न फाटता मऊ होते. मिठामुळे कडधान्य शिजत नाही, हा समज सोडून द्या. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबट वास सुटतो. सकाळी ते पाणी ओतून टाका, चणे धुवा आणि वर दोन बोटं राहील इतकं नवीन पाणी घालून कुकरला लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून 15 ते 20 मिनिटं.

वाफ आपोआप जिरू द्या. मग एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. तो सहज चेपला आणि मधे कचकच लागली नाही, तर शिजला. एकाच दाण्यावर भरवसा नको, चार-पाच तरी तपासा.

एवढं करूनही चणे टणक राहिले, तर कारण बहुधा तिघांपैकी एक असतं. माल जुना असेल, पाणी जड (क्षार जास्त असलेलं) असेल, किंवा टोमॅटो, चिंच, लिंबू आधीच पडलं असेल. आंबट पदार्थ पेक्टिन विरघळू देत नाही, म्हणून तो नेहमी दाणा मऊ झाल्यावर घालायचा. जुन्या मालासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. त्याहून जास्त घातला तर चव साबणासारखी लागते आणि ब1 जीवनसत्त्वही नष्ट होतं.

आता संध्याकाळचं जेवण बघा. दोन मोठे चमचे तेल तापवा, त्यात ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या घाला. लसूण सोनेरी व्हायला लागला की लगेच दोन चिरलेले टोमॅटो. लसूण काळा पडला तर सगळी भाजी कडू होते. टोमॅटो गळून तेल सुटलं की दोन वाट्या चणे आणि चणे ज्यात शिजले ते अर्धी वाटी पाणी घालून पाच मिनिटं उकळा. शेवटी 200 ग्रॅम चिरलेला पालक, तोही दोनच मिनिटं. मीठ चाखून मगच घाला, कारण चण्यात ते आधीच मुरलेलं असतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. लिंबातलं क जीवनसत्त्व चण्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं आणि उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं. जेवणाबरोबर चहा-कॉफी टाळा, त्यांनी लोहाचं शोषण घटतं. सोबत भात किंवा भाकरी हवीच: धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो कडधान्य पुरवतं, आणि कडधान्यात कमी असलेला मेथिओनिन हा दुसरा घटक धान्यातून मिळतो.

राजम्याबाबत मात्र अगदी कडक राहा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने काही तासांतच उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं, त्यापेक्षा अर्धा तास, खळखळून उकळा. विजेच्या मंद शिजवणाऱ्या भांड्यात तो थेट टाकू नका. तिथलं तापमान पुरेसं चढत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

शिजलेलं कडधान्य उथळ डब्यात पसरून गार करा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. उरलेल्याचे एकेका जेवणाचे डबे भरून गोठवा. भातालाही हाच नियम, कारण त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि बाहेर राहिलेल्या भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही.