केळीच्या ट्रकमागची हवा

(दृश्य: थंडीतली पहाट, सावदा-रावेर रस्ता, चहाची टपरी)

केळीने भरलेले ट्रक उत्तरेच्या वाटेला लागलेत. दोन-तीन चहासाठी थांबलेत, इंजिन चालूच. धूर नावालाच दिसतो, उग्र दर्प मात्र येतो.

खानदेशात हवा खराब म्हटलं की आपण धुळीकडे बोट दाखवतो. धूळ आहेच. पण हा दर्प धुळीचा नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, एरवी अगदी निरुपद्रवी. इंजिनात तापमान १,५०० अंशांपुढे गेलं की तोच ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशात तर स्वतःचाही नायट्रोजन असतो.

(दृश्य: जळगाव, महामार्गालगत शाळेला निघालेली मुलं)

यातला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे तो नाकाघशात अडकत नाही, फुप्फुसात खोलवर उतरतो. श्वासनलिका सुजतात. दमेकरी मुलाला धाप लागते. अशा हवेत वर्षानुवर्षं वाढणाऱ्या मुलांना दमा जडण्याचा धोकाही जास्त.

थंडीत हा वायू जमिनीलगत साचतो. उन्हाळ्यात, भुसावळचा पारा ४५ वर असताना, त्याच्यापासून ओझोन बनतो. तो छातीला बाधतो आणि पिकांची पानंही करपवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडच्या वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. आपली २००९ पासून ४० च आहे. जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, पण त्याचं उद्दिष्ट धूलिकण कमी करण्याचं. या वायूकडे कोण बघणार?

(दृश्य: ट्रकची निळ्या झाकणाची टाकी)

उपाय मात्र खानदेशाच्या ओळखीचा आहे: युरिया. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) ट्रकांत बहुधा डिझेलशेजारी ही दुसरी टाकी असते. केळीला घालतो तोच पदार्थ, फक्त शुद्ध आणि पाण्यात विरघळवलेला. इंजिनाच्या गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी. पण टाकी भरलेली हवी, यंत्रणेला चकवा दिलेला नको. आणि जुने ट्रक अजून धावताहेतच.

(दृश्य: पुन्हा टपरी)

रस्त्यालगत नायट्रोजन डायऑक्साइड सगळ्यात जास्त असतो, काहीशे मीटरांवर बराच उतरतो. चहा पिऊन ट्रक निघाले. टपरीवरच्या मावशी दुपारपर्यंत इथेच असतात, डांबरापासून दहा पावलांवर.