अण्णांच्या वहीचा कोपरा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या लोकांनी मला सांगितलं की ताई, तुम्ही बँकेत तीस वर्षं काढलीत, तर ऑफिसमधल्या माणसांबद्दल बोला. मी म्हटलं बोलते, पण मग सगळ्या माणसांबद्दल नाही, एकाच माणसाबद्दल बोलीन, कारण त्याच्याबद्दल मला जे कळलं ते फार उशिरा कळलं आणि ते मनात अजून टोचतं.

तालुक्याच्या गावची शाखा. आमचे कॅशियर, सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. त्यांची केबिन आणि माझा काउंटर यांच्यामध्ये एक काच, बस. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी बसलो. मला काय माहीत होतं त्यांच्याबद्दल? चहा घेत नाहीत, क्लोजिंगला कॅश टॅली झाली नाही तर एक रुपयासाठी पण रात्री आठ वाजेपर्यंत बसतील, आणि मुलगी नर्सिंगला आहे. एवढंच. आणि त्यांच्या हिशोबाच्या कच्च्या वहीच्या कोपऱ्यात कायम काहीतरी गिचमीड काढलेलं असायचं, म्हणजे एक लांबलचक आडवी रेघ आणि तिला लोंबकळलेली वळणं वळणं. मला वाटायचं माणूस कंटाळलाय, पेन गिरवतोय. अकरा वर्षं मला तेच वाटत होतं.

मग एकदा एक म्हातारे शेतकरी पीककर्जाच्या कामाला आले आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सबरोबर पिशवीतून एक जुना कागद काढला, त्यांच्या आजोबांचं खरेदीखत. कर्जाला त्याची काही गरज नव्हती, पण त्यांना नुसतं विचारायचं होतं की यात लिहिलंय काय, कारण घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. मॅनेजर साहेबांनी उलटसुलट करून बघितलं, मी बघितलं, काही कळेना. अण्णा काचेपलीकडून म्हणाले, इकडे द्या. आणि वाचायला लागले. अहो, न अडखळता! पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस वाट, उत्तरेस तमक्याचा बांध, आतल्या आंब्याच्या झाडांसकट विकली, असं सगळं. म्हातारे बाबा रडायलाच लागले, कारण ते आंबे त्यांनी लहानपणी पाहिले होते आणि आता त्यातलं एकही उरलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की ती गिचमीड म्हणजे मोडी लिपी होती.

आता मोडीबद्दल थोडं सांगते, कारण अण्णांमुळेच मला ती कळली. आपल्याकडे शतकानुशतकं कारभाराची, हिशोबाची, जमिनीची मराठी कागदपत्रं मोडीत लिहिली जायची, पार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. आधी पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, बोरू होता होईल तो न उचलता, म्हणून अक्षरं एकमेकांत वळतात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. अण्णा म्हणायचे, मोडी डोळ्यांनी नाही वाचत ताई, आधी ऐकू यावं लागतं.

तर मी दुसऱ्या दिवशी विचारलं, अण्णा, हे कुठे शिकलात? आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या मनात त्यांच्या आडनावावरून एक उत्तर आधीच तयार होतं, की घरात कुळकर्ण्याची वतनदारी बितनदारी असेल, आजोबांनी शिकवलं असेल. तसं काहीच नव्हतं. त्यांच्या वडिलांचा जमिनीचा एक वाद होता, कागद होते पण मोडीत, आणि जो वाचून द्यायचा तो प्रत्येक खेपेला पैसे घ्यायचा आणि शेवटी एक ओळ चुकीची सांगितली म्हणून वाद हरले. वडील गेल्यावर अण्णांनी ठरवलं की आपल्या घरचा कागद वाचायला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे नाहीत, आणि तिशी उलटल्यावर दर रविवारी एस्टीने जाऊन एका म्हाताऱ्या गुरुजींकडे ते शिकले. आमच्याच बँकेत नोकरी करत असताना. म्हणजे सोमवारी आम्ही काय अण्णा, रविवार कसा गेला असं विचारायचो आणि ते ठीक म्हणायचे, तेव्हा ते आदल्या दिवशी दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचून आलेले असायचे.

आपण विचारतो ना, ते विचारणंच असं असतं की उत्तर ठीक हेच यावं. आणि आपली ओळखीची पद्धत बघा. नवा माणूस जॉइन झाला की पहिला प्रश्न आडनाव काय, दुसरा गाव कुठलं, तिसरा तिकडे अमके राहतात ते तुमचे कोण. आपल्याला वाटतं आपण आपुलकीने विचारतोय, काही लोक खरंच आपुलकीने विचारतात पण, पण समोरच्याला माहीत असतं की या तीन प्रश्नांत त्याची जात शोधली जातेय. ज्याला आयुष्यभर या प्रश्नांचा त्रास झालाय तो तिथेच दार लावून घेतो आणि मग तुम्ही कितीही छंद विचारा, तो म्हणणार काही नाही हो, टीव्ही बघतो.

मला या बाबतीत एक माणूस फार मोठा वाटतो. रामानुजन सगळ्यांना माहीत आहेत, पण मी बोलतेय ते त्यांच्या ऑफिसमधल्या नारायण अय्यर यांच्याबद्दल. 1912 च्या मार्चमध्ये रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले, पगार महिना तीस रुपये. नारायण अय्यर तिथले चीफ अकाउंटंट, म्हणजे साहेबच. ते आधी गणित शिकवायचे आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं काम बघायचे, तीच सोसायटी जिची लायब्ररी आपल्या पुण्यात फर्गसन कॉलेजात होती. आता साहेबाने काय केलं, तर संध्याकाळी या कारकुनाला घरी नेऊन दोघे पाट्या घेऊन रात्री उशिरापर्यंत गणितं करत बसायचे. रामानुजन एका पायरीवरून एकदम दहाव्या पायरीवर उडी मारायचे, तर अय्यर त्यांना सांगायचे की मधल्या पायऱ्या लिही, मला कळू दे, मला कळलं तर इतरांना कळेल. आणि पोर्ट ट्रस्टचे चेअरमन सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्यापर्यंत या मुलाचं नाव त्यांनीच नेलं. 16 जानेवारी 1913 ला केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र गेलं, त्यात रामानुजन स्वतःची ओळख पोर्ट ट्रस्टच्या अकाउंट्स खात्यातला कारकून अशीच करून देतात. म्हणजे ओळख कारकुनाची, पण त्या खात्यात एक माणूस असा होता ज्याला त्या कारकुनाची दुसरी ओळख माहीत होती. मधल्या पायऱ्या लिही, मला समजू दे, हे वाक्य मला फार आवडतं, कारण यात मी साहेब आहे हे बाजूला ठेवून माणूस विद्यार्थी होऊन बसलाय.

मी मात्र तसं केलं नाही. मी काय केलं, तर मोठ्या कौतुकाने सगळ्या शाखेत सांगत सुटले, अहो आपल्या अण्णांना मोडी येते! झालं. क्लार्क, ऑफिसर, शिपाई, त्यांचे पाहुणे, जो तो कागद घेऊन यायला लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आत समोर कागद. रिजनल ऑफिसच्या कार्यक्रमात सत्कार करायचा घाट पण घातला, टॅलेंट शो टाईप. अण्णा कोणाला नाही म्हणाले नाहीत, पण दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की वहीच्या कोपऱ्यातली रेघ बंद झालीय. कोपरे कोरे. ते बघून मला जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली एक जागा होती ती मी ऑफिसला देऊन टाकली, न विचारता.

मी माफी मागितली. म्हणाले, जाऊ द्या ताई, तुम्ही चांगल्या मनानेच केलं. पण कोपरे कोरेच राहिले.

मग मी एक केलं, आणि तेवढंच मला बरोबर जमलं असं वाटतं. बाजारातून अंकलिपीसारखं मोडीचं पुस्तक आणलं, घरी गिरवलं, आणि एक दिवस व्हाउचरच्या पाठीमागे मोडीत त्यांचं नाव लिहून काचेखालून सरकवलं. त्यांनी बघितलं, लाल पेन घेतलं, दोन अक्षरं दुरुस्त केली आणि चिठ्ठी परत सरकवली. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एक ओळ आली, मी ती रात्री घरी बसून सोडवली, तर लिहिलं होतं, आज कॅश टॅली आहे, घरी लवकर जा. हे आमचं रिटायरमेंटपर्यंत चाललं, शाखेत कोणाला पत्ता नव्हता.

आता टीम बिल्डिंगला खेळ घेतात, प्रत्येकाने आपल्याबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगा. माझी भाची आयटीत आहे, ती सांगते की मावशी, मी दर वेळी तीच एक गोष्ट सांगते. मी तिला म्हटलं, सांगायला लावलं की माणूस तयार ठेवलेलंच देणार ना. आणि काहींच्या घरी आजारपण असतं, काहींचं घर मोडलेलं असतं, त्यांना ऑफिस हीच एक जागा असते जिथे कोणी काही विचारत नाही, त्यांना ती राहू द्यावी.

2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, तेव्हा मी अण्णांना फोन केला, ते सत्तरीच्या पुढे होते. म्हटलं, अण्णा, जाताय का कुठे वाचायला? म्हणाले, जातो ना, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसतो, धूळ फार आहे, तुम्ही पण या, आता तुम्हाला येतं की थोडं. मी गेले. दोन दिवस त्यांच्या शेजारी बसले, मध्ये काच नव्हती. ते वाचत होते आणि मी लिहून घेत होते, आणि एके ठिकाणी अडले तर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, ताई, हे बघा बरं, तुम्हाला काय ऐकू येतंय.